हार्ड डिस्क गेली. डेटा गेला का?

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना टेक्सासच्या आकाशात विखुरले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. यानाचे अवशेष पुढे कित्येक महिने सापडत राहिले. साधारण सहा महिन्यांनी एका कोरड्या पडलेल्या तळ्यात असाच एक करपलेला धातूचा तुकडा मिळाला. ती सीगेट कंपनीची हार्ड डिस्क होती. झेनॉन वायूच्या श्यानतेवर यानात एक प्रयोग चालला होता, त्याच्या नोंदी तिच्यात होत्या. काही नोंदी उड्डाण चालू असतानाच जमिनीवर पाठवून झाल्या होत्या. बाकीच्या फक्त तिच्यापाशी.

ही डिस्क अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या जॉन एडवर्ड्स या अभियंत्याकडे पोहोचली. वरचा सर्किट बोर्ड जळून गेलेला. धूळ आत जाऊ नये म्हणून बसवलेले रबरी सील वितळलेले, त्यामुळे आत माती शिरलेली. मात्र ज्यांच्यावर प्रत्यक्ष माहिती लिहिली जाते त्या तबकड्या वाकल्या नव्हत्या. एडवर्ड्सने त्या रसायनाने स्वच्छ केल्या आणि तशाच दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या. दोन दिवसांत ९९ टक्के डेटा निघाला. यात नशिबाचाही वाटा होता. प्रयोगाचे यंत्र डॉस या जुन्या प्रणालीवर चालत होते, आणि डॉस माहिती तबकडीभर विखरून लिहीत नाही. मातीने जिथे ओरखडे काढले तो भाग नेमका कोरा होता. प्रयोगाचा निष्कर्ष २००८ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकात छापून आला. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्क एडवर्ड्सने तपासल्या. त्यांतून काहीही हाती लागले नाही.

आता दुसरे टोक पाहा. टेबलावरून पडलेली साधी पोर्टेबल डिस्क. बाहेरून पोचासुद्धा नाही. मालक ती पुन्हा जोडतो, टकटक ऐकतो, काढतो, दुसऱ्या पोर्टला लावतो, शेजारच्या लॅपटॉपला लावून बघतो, इंटरनेटवरून एखादे फुकटचे रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून रात्रभर चालवतो. सकाळपर्यंत तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडून निघालेला असतो. अवकाशातून पडलेल्या डिस्कमधून डेटा निघतो आणि टेबलावरून पडलेलीतून निघत नाही, तो असा.

डिस्क बंद पडणे आणि डेटा नष्ट होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. मधल्या वेळात माणूस काय करतो यावर पुष्कळ काही ठरते. बहुतेक वेळा काहीच न करणे श्रेयस्कर असते, आणि नेमके तेच कोणाला जमत नाही.

हे कळायला डिस्कच्या पोटात काय चालते ते बघायला हवे. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये विकायला काढली, रामॅक या संगणकासोबत. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन जवळजवळ टनभर, आणि एवढ्या पसाऱ्यात मावत होती ५० लाख अक्षरे. आजच्या भाषेत चार एमबीसुद्धा नाही. मोबाइलवर काढलेला एखादा फोटो त्याहून मोठा असतो. आकार तळहाताएवढा झाला, पण तत्त्व फारसे बदललेले नाही. ॲल्युमिनियमची किंवा काचेची गुळगुळीत तबकडी, तिच्यावर अतिशय पातळ चुंबकीय थर, आणि एका हाताच्या टोकाला बसवलेले वाचण्या-लिहिण्याचे हेड.

टेबलावरच्या संगणकातली तबकडी सहसा मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे तिची कड ताशी १२० किलोमीटरहून अधिक वेगाने पळत असते. या वेगामुळे हवेचा एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि हेड त्यावर तरंगते. तबकडी आणि हेड यांतले अंतर असते मोजके काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ७०,००० नॅनोमीटर जाड असतो. धुराचा कणसुद्धा त्या फटीत मावत नाही. चालू डिस्कला धक्का बसला की हेड तबकडीवर आपटते, थर खरवडतो, त्याची भुकटी उडते आणि तीच भुकटी पुढच्या फेऱ्यात आणखी खरवडते. दर सेकंदाला १२० फेरे. म्हणून 'पुन्हा एकदा लावून बघू' हे वाक्य महागात पडते.

या धंद्यातली मुरलेली माणसे निदान कानाने सुरू करतात.

डिस्कला वीज दिली आणि काहीच आवाज नाही, हात ठेवला तरी कंप जाणवत नाही, तर संशय आधी केबलवर आणि अडॅप्टरवर. पोर्टेबल डिस्कच्या केबल फार लवकर सैल होतात, आणि संगणकाच्या पुढच्या बाजूचे पोर्ट कधीकधी पुरेशी वीज देत नाहीत. केबल बदलून पाहण्यात काही धोका नाही. त्यानंतरचा संशयित सर्किट बोर्ड. घराघरांत एक प्रकार हमखास घडतो: १२ व्होल्टच्या बाह्य डिस्कला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावला जातो, कारण पिन सारखीच दिसते. अशा प्रसंगासाठी बोर्डावर टीव्हीएस नावाचा एक छोटा डायोड बसवलेला असतो. जास्त व्होल्टेज आले की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढच्या चिप वाचवतो. जाणकार माणूस मल्टिमीटरने तपासून तो मेलेला डायोड उचकटून काढतो, योग्य अडॅप्टर लावतो आणि डिस्क फिरू लागते. अर्थात मग तिला कोणतेच संरक्षण उरलेले नसते, म्हणून डेटा लगेच दुसरीकडे उतरवायचा.

'त्याच मॉडेलचा बोर्ड आणा आणि बदला' हा सल्ला एके काळी खरा होता. आता नाही. प्रत्येक डिस्कचे हेड आणि तबकड्या यांची जुळवणी कारखान्यात मोजून घेतली जाते आणि तिचे आकडे बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये साठवलेले असतात. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावला तर आकडे परके. म्हणून जुन्या बोर्डावरची ती चिप सोल्डर काढून नव्या बोर्डावर बसवावी लागते.

बारीक गुणगुण किंवा पीप-पीप असा आवाज आला, तर मोटर फिरू पाहते आहे पण तिला फिरता येत नाही. बहुधा हेड आपल्या जागी न परतता तबकडीला चिकटून बसलेले असते. दोन्ही पृष्ठभाग इतके गुळगुळीत असतात, की ते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. डिस्कला चापट मारून किंवा झटका देऊन हेड सोडवण्याची युक्ती जुन्या माणसांकडून ऐकायला मिळते. त्यात हेड सुटण्यापेक्षा तुटण्याची शक्यता जास्त.

लयीत येणारी टकटक सगळ्यांत कुप्रसिद्ध. तबकडीवर माहितीच्या अधेमधे दिशादर्शक खुणा लिहिलेल्या असतात. हेडला त्या वाचता आल्या नाहीत की हात एका टोकाला जाऊन आपटतो, परत येतो, पुन्हा शोधतो. २००० साली बाजारात आलेल्या आयबीएमच्या डेस्कस्टार ७५जीएक्सपी या मॉडेलची इतकी नाचक्की झाली, की लोक तिला डेथस्टार म्हणू लागले. टकटक ऐकू आली की वीज तोडायची. त्यानंतरचे काम घरचे नाही आणि नाक्यावरच्या दुकानाचेही नाही.

आता सर्वांत चमत्कारिक प्रकार. डिस्क नीट फिरते, आवाज निरोगी, पण संगणकाला ती दिसतच नाही किंवा तिची क्षमता शून्य दाखवते. इथे बिघाड असतो फर्मवेअरचा, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या अंतर्गत प्रणालीचा. तिचा मोठा भाग तबकडीवरच एका राखीव पट्ट्यात लिहिलेला असतो, जो वापरणाऱ्याला कधी दिसत नाही. २००८च्या अखेरीस सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ या मालिकेतल्या डिस्क जगभर अशा मरू लागल्या. आदल्या रात्री ठणठणीत, सकाळी गायब. कारण निघाले ते असे: डिस्क आपल्या घडामोडींची एक नोंदवही ठेवते. संगणक चालू होताना त्या नोंदवहीचा आकडा नेमक्या एका ठिकाणी असला, तर फर्मवेअर अडखळून पडे आणि पुन्हा उठत नसे. डेटाला मात्र ओरखडाही नव्हता.

हौशी मंडळींनी यावर शोधलेला उपाय वाचण्यासारखा आहे. डिस्कच्या मागे जोडणीच्या खाचेशेजारी तीन-चार बारीक पिना असतात. कारखान्यात तिथून डिस्कशी थेट बोलता येते. लोकांनी जुन्या नोकिया फोनची डेटा केबल कापली, तिच्या तारा त्या पिनांना जोडल्या, बोर्डाचे स्क्रू सैल करून बोर्ड आणि डिस्क यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवला. त्यामुळे बोर्ड जागा होई, पण त्याचा डिस्कच्या आतल्या भागाशी संपर्क येत नसे. मग संगणकावरून मोजक्या आज्ञा टाइप करायच्या, मध्येच कार्ड ओढून काढायचे, मोटर सुरू करायची आणि नोंदी पुसायच्या. डिस्क जिवंत होई, आतल्या फायली जशाच्या तशा. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने दोष मान्य केला आणि सुधारित फर्मवेअर दिले. त्या पहिल्या सुधारणेनेच ५०० जीबीच्या काही चांगल्या चाललेल्या डिस्क बंद पाडल्या आणि ती घाईघाईने बदलावी लागली.

उरतो तो सर्वांत सामान्य आणि सर्वांत आशादायक प्रकार. डिस्क फिरते, नाव बरोबर दिसते, क्षमता बरोबर दिसते, पण विंडोज म्हणते 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा'. किंवा कोणीतरी चुकून फॉरमॅट मारलेला असतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणून शेत नाहीसे होत नाही, तसेच इथे. फाइल डिलीट केली की तिची नोंद फक्त रद्द होते, तिची जागा 'मोकळी' म्हणून जाहीर होते आणि मजकूर तिथेच पडून राहतो, त्याच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. म्हणूनच हरवलेल्या फायली शोधणारे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवणे हा शुद्ध आत्मघात आहे. विंडोजची चेकडिस्क ही सोयसुद्धा अशा वेळी चालवू नये. तिचे काम फाइल प्रणाली सुसंगत करणे. त्यासाठी एखाद्या नोंदीचा बळी गेला तरी तिला त्याचे काही वाटत नाही.

डिस्क मरण्याआधी काही सांगते का? थोडेफार सांगते. प्रत्येक डिस्क स्वतःची प्रकृती नोंदवत असते. या व्यवस्थेला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या नोंदी दिसतात. त्यातल्या ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी महत्त्वाच्या: बाद करून बदललेले सेक्टर (म्हणजे तबकडीवरचे माहितीचे छोटे कप्पे), संशयित सेक्टर आणि वाचताच न आलेले सेक्टर. हे आकडे शून्यावरून हलले की डिस्कवरचा विश्वास काढून घ्यावा. १९९ वाढत असेल तर बहुधा दोष केबलचा असतो, आणि दोनशे रुपयांच्या केबलसाठी डिस्क फेकून दिली जाते. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन त्रुटी आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यांना दिसले. पण त्याच अभ्यासात असेही आढळले, की बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. तेव्हा स्मार्टने धोका सांगितला तर ऐकावे. त्याने 'सगळे ठीक' म्हटले तर मात्र निश्चिंत होऊ नये.

डेटा काढण्याचा मूळ नियम एकच: आजारी डिस्कवर काम करायचे नाही, तिच्या प्रतीवर करायचे. आधी डिस्कची सेक्टरमागून सेक्टर अशी संपूर्ण प्रत, जिला इमेज म्हणतात, दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवायची. यासाठी लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आहे. त्याची चतुराई अशी, की अडलेल्या सेक्टरपाशी ते डोके आपटत बसत नाही. वाचता येते ते आधी पटापट उचलते, अडलेला भाग नकाशात टिपून ठेवते आणि शेवटी सवडीने त्याकडे वळते. मध्येच वीज गेली तरी नकाशा असल्यामुळे काम तिथूनच पुढे सुरू होते. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी ही सोय किती मोलाची, हे वेगळे सांगायला नको. इमेज हातात आल्यावर टेस्टडिस्क, फोटोरेक अशी साधने तिच्यावर हवी तितकी चालवावीत. बिघडण्यासारखे काही उरलेले नसते. फोटोरेक तर फाइल प्रणालीकडे बघतही नाही. जेपीजी फाइल कोणत्या बाइट्सनी सुरू होते हे त्याला माहीत असते. त्या खुणांवरून ते फोटो वेचून काढते. फोटो सापडतात, पण त्यांची मूळ नावे आणि फोल्डर जातात. लग्नाचे दोन हजार फोटो आकड्यांच्या नावांनी एका ढिगात मिळाले, तरी मालक त्यावर खूश असतो.

हेड गेले असेल तर डिस्क उघडावी लागते. प्रयोगशाळेत हे काम गाळलेल्या हवेच्या बंदिस्त कक्षात चालते, जिथे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे शंभरापेक्षा जास्त कण नसतात. दाता डिस्क शोधली जाते: तेच मॉडेल, तितकीच हेड, शक्यतो त्याच कारखान्यातली आणि जवळपासच्या तारखेची. हेड एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये कंगव्यासारखी छोटी फणी घालून सगळा हात बाहेर काढतात आणि नवा बसवतात. दुरुस्त झालेली डिस्क पुन्हा वापरायची नसते. नवे हेड काही तास टिकावे आणि तेवढ्यात इमेज उतरावी, इतकीच अपेक्षा. पीसी-३००० सारखी खास यंत्रे इथे कामी येतात. एखादे हेड दगा देत असेल तर ते बाजूला ठेवून आधी बाकीच्या हेडनी वाचता येईल तेवढे ती वाचून घेतात. मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच डिस्कमध्ये आता हवेऐवजी हेलियम भरलेला असतो, त्यामुळे त्या उघडणे आणखीच जिकिरीचे.

म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडला असो वा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, 'डेटा काढून देतो' म्हणणाऱ्या दुकानदाराला काही प्रश्न विचारावेत. आधी इमेज काढता का? डिस्क उघडायची वेळ आली तर ती कुठे उघडता? पैसे देण्याआधी मिळालेल्या फायलींची यादी दाखवाल का? काउंटरवरच स्क्रू फिरवायला लागलेल्या माणसाकडून डिस्क परत मागून घ्यावी, त्यात संकोच नको.

घरगुती उपायांत सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणे. फार जुन्या डिस्कवर कधीमधी तो चालला असेलही. आजच्या डिस्कमध्ये बाहेर काढताच तबकडीवर दव धरते आणि ते काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या हेडच्या मुळावर येते. भिजलेल्या डिस्कबाबत तर उलटेच करावे लागते. मुंबईकरांनी २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला, सांगली-कोल्हापूरने २०१९चा महापूर सोसला. तळमजल्यावरचे संगणक अशा वेळी पहिले पाण्यात जातात. डिस्क पुरात बुडाली असेल तर ती उन्हात ठेवू नये, तांदळात पुरू नये, हेअर ड्रायर लावू नये. पाणी वाळले की त्यातला गाळ आणि क्षार तबकडीवर घट्ट बसतात. ओलसर कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून ती तशीच तज्ज्ञाकडे न्यावी.

काही ठिकाणी हात टेकावे लागतात. तबकडीवरचा थर निघून गेला असेल तर तिथला डेटा जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत परत येत नाही. ज्या जागेवर नवे काही लिहिले गेले तिथला जुना मजकूरही संपला. एसएसडीत, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, आणखी एक पेच आहे: डिलीट केलेली जागा संगणक ट्रिम या आज्ञेने एसएसडीला कळवतो आणि ती सवड मिळताच जागा खरोखर रिकामी करते. हार्ड डिस्कवर दिवसेंदिवस पडून राहणारी फाइल तिथे काही मिनिटांतही जाऊ शकते. शिवाय बिटलॉकरसारखे कुलूप घातलेले असेल आणि रिकव्हरी की हरवली असेल, तर इमेज शंभर टक्के मिळूनही उपयोग शून्य. ही की मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यात साठवलेली आहे का, ते डिस्क धडधाकट असताना बघून ठेवावे.

बॅकअप आहे, असे मानणारेही फसतात. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत 'टॉय स्टोरी २'च्या फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप घेतला जात होता, पण तो महिनाभर नीट होतच नव्हता आणि कोणी तपासले नव्हते. गॅलिन सुसमन या अधिकारी बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावरच्या प्रतीने सिनेमा वाचवला. बॅकअपमधून एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून पाहिली नसेल, तर तो असल्या-नसल्याची खात्री देता येत नाही.

३१ मार्च हा २०११ पासून जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. योगायोगाने आपल्याकडे हाच आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. टॅलीचा बॅकअप त्या दिवशी घेतला जातोच; तेवढ्यातच घरचे फोटो आणि कागदपत्रेही दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि ती डिस्क संगणकाशेजारच्या खणात न ठेवता दुसऱ्या घरी, नातेवाइकांकडे ठेवावी.